बाबांचं कल्चर तिसऱ्या दिवशी आलं. रक्तातल्या जनुकांवरून सेप्सिस तासाभरात कळेल का?

वाघबीळची_वाघीण | १४ जुलै, रात्री ११.४०

मागच्या महिन्यात बाबा सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराचा प्रतिसाद बिघडून अवयव निकामी होऊ लागल्याने, आयसीयूत होते. आता घरी आहेत, संध्याकाळी नाक्यापर्यंत जाऊन येतात, चहात साखर कमी म्हणून कुरकुरतात, म्हणजे ठीक आहेत. पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतेय.

बाबा ७१ चे. प्रोस्टेटचं दुखणं जुनं. शनिवारी लघवीला जळजळ, रविवारी जेवण नको. ताप नव्हता, मी तीनदा थर्मामीटर लावला. जवळच्या दवाखान्यात नेलं तर "ताप नाही ना, मग पाणी भरपूर पाजा" म्हणून परत पाठवलं. रात्री दीडला आईने उठवलं. बाबा मला आत्याच्या नावाने हाक मारत होते आणि कुठल्यातरी जुन्या गाडीची वेळ विचारत होते. श्वास असा, की जिना चढून आल्यासारखा, आणि माणूस पलंगावर आडवा. घोडबंदरला त्या वेळी ट्रकांची रांग. मधले वीस मिनिटं कशी गेली ते लिहीत नाही.

कॅज्युअल्टीत ड्यूटीवरची डॉक्टर माझ्या भाचीएवढी. बीपी वरचं ८६. तिने दहा मिनिटांत दोन्ही हातांतून कल्चरचं (जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायच्या तपासणीचं) रक्त घेतलं, लॅक्टेट पाठवलं, सलाईन आणि अँटिबायोटिक लावलं. मला म्हणाली, "सेप्सिस वाटतंय." मी विचारलं, वाटतंय म्हणजे? नक्की कशावर कळेल? तर म्हणाली, कल्चरवर, पण त्याला वेळ लागतो. कल्चर आलं तिसऱ्या दिवशी. ई. कोलाय निघाला, आणि चालू असलेलं औषध त्याला लागूच पडत नव्हतं. औषध बदललं, मग उतार पडला.

ते "वाटतंय" माझ्या डोक्यात बसलंय. नंतर वाचलं की रक्तातल्या जनुकांचं एक्स्प्रेशन मोजून सेप्सिस आहे की नाही ते तासाभरात सांगणाऱ्या टेस्ट निघाल्या आहेत. इथे लॅबवाले आणि डॉक्टर बरेच आहेत. मला एवढंच सांगा: त्या रात्री ती टेस्ट असती तर बाबांच्या बाबतीत काय बदललं असतं?

---

नौपाडा_जुना | १४ जुलै, रात्री ११.५८

बाबा बरे झाले हे वाचून बरं वाटलं. बाकी जनुकं वगैरे म्हणजे आता नवीन दुकान. माझ्या मेव्हण्याने असली एक जेनेटिक टेस्ट केली, थुंकी कुरियरने पाठवली, अहवाल आला की तुम्हाला भात मानवत नाही. कोकणातल्या माणसाला!

---

पारसिक_बोगदा | १५ जुलै, सकाळी ७.१५

नौपाडा काका, ती टेस्ट वेगळी, ही वेगळी. मी रबाळ्याला मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करतो, आमच्याकडे हा घोटाळा रोज होतो.

जनुकं म्हणजे घरातलं भांड्यांचं फडताळ समजा. प्रथिनं बनवणारी साधारण २०,००० भांडी. ती जन्मापासून तीच, थुंकीतही तीच, रक्तातही तीच. तुमच्या मेव्हण्यांच्या टेस्टने फडताळात काय काय आहे ते पाहिलं. एक्स्प्रेशन म्हणजे आज ओट्यावर कोणती भांडी काढली आहेत. रोजचा कुकर आणि कढई दिसली तर घरचीच चार माणसं. मोठी पातेली, परात, झारे बाहेर आले की समजायचं, घरात कार्य आहे. फडताळ वर्षानुवर्षं बदलत नाही, ओटा तासातासाला बदलतो.

भांडं ओट्यावर आलं म्हणजे त्या जनुकाची आरएनए प्रत निघाली. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये अशा कोणत्या प्रती किती आहेत ते आम्ही मोजतो. पद्धत कोविडमध्ये सगळ्यांना पाठ झालेली, आरटी-पीसीआर. सीटी व्हॅल्यू आठवते ना? तीच. फरक इतकाच की तेव्हा विषाणूचा आरएनए शोधत होतो, इथे पेशंटचा स्वतःचाच मोजायचा.

त्यामुळे ताई, पहिली गोष्ट लक्षात घ्या. ही टेस्ट जंतू शोधत नाही. जंतूला शरीर काय उत्तर देतंय ते बघते.

---

कळवा_स्लो | १५ जुलै, सकाळी ७.५०

ओटा आवडला. ट्रेनमध्ये वाचतोय. पण माझ्याकडे कार्य नसतानाही आई सगळी भांडी काढते, दिवाळीच्या सफाईला. तेव्हा काय?

---

पारसिक_बोगदा | १५ जुलै, सकाळी ९.३०

@कळवा_स्लो, तुम्ही गमतीत नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंत. मोठं ऑपरेशन, भाजणं, अपघात, स्वादुपिंडाची सूज, या सगळ्यांत जंतू नसतानाही शरीर भांड्यांचा खणखणाट करतंच. ताप, धडधड, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, सगळं तेच. सीआरपी हे सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन दोन्हीकडे वाढतं. सीआरपी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात सापडलं. सूज आहे हे ते छान सांगतं, कशाची ते सांगत नाही. प्रोकॅल्सिटोनिन, रक्तातच मोजायची तशीच दुसरी खूण, त्याहून बरं, पण मोठ्या ऑपरेशननंतर तेही चढतं आणि मलेरियातही.

म्हणून एका भांड्यावरून ठरवायचं नाही, जोड्या बघायच्या. अमेरिकेच्या एफडीएने (आपली बांद्र्याची नव्हे) २०१७ मध्ये मान्यता दिलेली सेप्टिसाइट लॅब ही टेस्ट चार जनुकं बघायची. पुढे तीच दोन जनुकांवर आणली, पीएलए२जी७ आणि पीएलएसी८, आणि २०२१ मध्ये सेप्टिसाइट रॅपिड म्हणून मान्य झाली. दोघांचं एकमेकांशी प्रमाण काढून आकडा देते. बंद कार्ट्रिज, त्यात रक्त घाला, मशीनमध्ये सरकवा, साधारण तासाभरात उत्तर. सफाईची भांडी आणि कार्याची भांडी यातला फरक, हेच तिचं काम: जंतूशिवायची सूज की सेप्सिस.

आणि एक लॅबमधली गोष्ट, जी बातम्यांत कधी येत नाही. आरएनए फार नाजूक. रक्त साध्या ट्यूबमध्ये काढून रॅकवर ठेवलंत तर जुन्या प्रती मोडतात, आणि पेशी ट्यूबमध्ये जिवंत असल्याने नव्याही निघतात. म्हणजे तुम्ही पेशंट नाही, ट्यूब मोजताय. त्यासाठी पॅक्सजीन नावाची ट्यूब येते, तिच्यातलं रसायन पेशी फोडून त्या क्षणाचा आरएनए आहे तसा थिजवतं. ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची असते. आमच्याकडे संशोधनाचे नमुने येतात त्यात ही एक पायरी कोणी गाळली की नमुना फेकावा लागतो. तासाभराच्या टेस्टचं भवितव्य रात्री तीनला दमलेल्या ब्रदरच्या मनगटावर आहे, हे विसरू नका.

---

वाघबीळची_वाघीण | १५ जुलै, दुपारी १.०५

खूप आभार. आता कळलं. पण माझा प्रश्न तसाच आहे. त्या रात्री काय बदललं असतं?

---

रात्रपाळी | १६ जुलै, पहाटे ४.२०

मी नवी मुंबईत आयसीयू सांभाळतो. आता जरा शांतता आहे, लिहून टाकतो. उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही.

त्या रात्री काहीही बदललं नसतं.

८६ बीपी, बरळणं, भराभर श्वास, लघवीच्या त्रासाचा इतिहास. एवढ्यावर उपचार सुरू करायला कुठलीही टेस्ट लागत नाही, आणि त्या मुलीने टेस्टची वाट पाहिली नाही हेच बरोबर केलं. २००६ चा एक गाजलेला अभ्यास आहे, सेप्टिक शॉकमध्ये (सेप्सिसमुळे बीपी धोकादायक पातळीला पडतं तेव्हा) बीपी पडल्यानंतर लागू पडणारं अँटिबायोटिक द्यायला जितके तास उशीर, तितकी वाचण्याची शक्यता तासाला सरासरी ७.६ टक्क्यांनी कमी. जुन्या नोंदींवरून काढलेला आकडा आहे, त्यावर वाद आहेत, पण दिशा कोणी नाकारत नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: शॉक असेल तर तासाच्या आत अँटिबायोटिक.

तुमच्या बाबांचं जे अडलं ते दुसरीकडे. दिलेलं औषध लागू पडत नव्हतं. ते जनुकांच्या टेस्टने कळलं नसतं, कारण पारसिक_बोगदा म्हणाले तसं ओट्यावरून कार्य आहे एवढं कळतं, पाहुणे कोण आणि त्यांना काय चालत नाही हे नाही. त्यासाठी जंतूच हवा. कल्चरची बाटली मशीनमध्ये बहुधा एक-दोन दिवसांत पॉझिटिव्ह होते, मग ओळख, मग कुठलं औषध चालतं त्याला आणखी एक दिवस. तुमचा तिसरा दिवस म्हणजे कोणाची ढिलाई नव्हे, जंतूच्या वाढीचा वेग आहे. पॉझिटिव्ह बाटलीवरून तासाभरात नाव आणि काही प्रतिकाराची जनुकं सांगणारी पॅनेल आली आहेत, ती इथे जास्त उपयोगी पडली असती. आणि अँटिबायोटिकच्या आधी दोन्ही हातांतून रक्त घेतलं होतं म्हणून तो ई. कोलाय सापडला. ती दहा मिनिटं तुमच्या बाबांना तिसऱ्या दिवशी उपयोगी पडली.

मग ही टेस्ट कोणासाठी? ज्याला शॉक नाही, पण लक्षण बरं दिसत नाही अशासाठी. कालच रात्री एक बाई आल्या, पोटाचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस, ताप १०१, नाडी ११८, बीपी ठीक. आत जंतू आहे की ऑपरेशनचीच सूज? सूचनांमध्ये अशांसाठी तीन तासांची मुभा आहे, पटापट तपासा आणि संशय टिकला तर औषध द्या. त्या तीन तासांत एक भरवशाचा आकडा मिळाला तर मला हवाय. आज आम्ही काय करतो? देऊन टाकतो. भारी अँटिबायोटिक, सगळ्यांना. आणि मग तुमच्या बाबांच्या ई. कोलायला ती औषधं का चालत नाहीत, याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

सेप्सिसची व्याख्याच २०१६ मध्ये बदलली, ती इथे कामाची आहे. रक्तात जंतू असणं म्हणजे सेप्सिस नाही. जंतुसंसर्गाला शरीराचा प्रतिसाद बिघडून स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागणं म्हणजे सेप्सिस. आजार प्रतिसादात असेल तर प्रतिसाद मोजायचा, ही कल्पना मला पटते. मी अजून एकाही पेशंटसाठी ती वापरलेली नाही, हेही सांगतो.

---

वाघबीळची_वाघीण | १६ जुलै, सकाळी ८.१०

डॉक्टर, दोनदा वाचलं. आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. त्या मुलीला कल्चरबद्दल मी दुसऱ्या दिवशी तावातावाने बोलले होते. असो.

मग रविवारी? त्या दवाखान्यात ही टेस्ट असती तर?

---

आकडेमोड | १६ जुलै, सकाळी ११.४५

मी डॉक्टर नाही, आकडेवारीत नोकरी करतो, म्हणून या प्रश्नाला हात घालतो.

समजा टेस्ट फार चांगली आहे. सेप्सिस असलेल्या १०० पैकी ९० जणांना पकडते, नसलेल्या १०० पैकी ८० जणांना बरोबर सोडते. (हे आकडे हिशेबापुरते माझे, कुठल्या कंपनीचे नाहीत.)

आयसीयूच्या दारात १००० संशयित, निम्म्यांना खरंच सेप्सिस. टेस्ट ४५० खरे पकडेल, १०० उगाच. पॉझिटिव्ह आलेल्या ५५० पैकी ४५० खरे. उत्तम.

आता हीच टेस्ट पावसाळ्यात कॅज्युअल्टीत लावा. तापाचे १००० पेशंट, त्यात सेप्सिस ५०. टेस्ट ४५ खरे पकडेल आणि उरलेल्या ९५० मधले १९० उगाच. पॉझिटिव्ह २३५, खरे ४५. पाचातला एकसुद्धा धड नाही! टेस्ट तीच, रांग बदलली.

पण उलट बाजू बघा. निगेटिव्ह ७६५, त्यात चुकून सुटलेले फक्त ५. म्हणजे तिथे ती "आहे" सांगायला कुचकामी, "बहुधा नाही" सांगायला दमदार. सेप्टिसाइटची मान्यता सेप्सिसचा संशय असलेल्या आणि आयसीयूत दाखल होऊन पहिलाच दिवस असलेल्या पेशंटांसाठी आहे, गल्लीतल्या दवाखान्यासाठी नाही, त्यामागे हेच गणित.

---

नौपाडा_जुना | १६ जुलै, दुपारी १२.१०

आकडेमोड, हे गणित शाळेत कोणी असं शिकवलं असतं तर मी बँकेत कारकून झालो नसतो. भाताचा शेरा मागे. टेस्टचा, भाताचा नाही.

---

उपवन_लेक | १६ जुलै, दुपारी ३.३०

ठाण्यात जुलै म्हणजे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईभर लेप्टोने काय झालं ते आमच्या पिढीला आठवतं. मलेरियानेही माणूस अत्यवस्थ होतो, डेंग्यूनेही बीपी पडतं. ही जनुकं हे सगळं ओळखतात का? की गोऱ्यांच्या न्यूमोनियावर शिकून आलीत?

---

खारघरी_टेकडी | १६ जुलै, रात्री १०.२५

खारघरला संशोधन करते, विषय कॅन्सर आहे पण रोजचं काम आरएनएचंच. उपवन_लेक यांचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे, माझ्या मते.

हो, बरीचशी शिकवणी तिकडचीच. स्टॅनफर्डच्या एका गटाने २०१५ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा सार्वजनिक ठेवलेला डेटा एकत्र करून ११ जनुकांचा गुणांक काढला, त्यामागचा विचार फार चांगला होता: एका हॉस्पिटलच्या एकसारख्या पेशंटांवर शिकलेली टेस्ट दुसरीकडे तोंडघशी पडते, तर मग मुद्दाम सरमिसळीतच शिकवा. पण सरमिसळ कितीही केली तरी पेशंट मुख्यतः श्रीमंत देशांतले, आणि जंतू बरेचसे पेशीच्या बाहेर वाढणारे. आपल्याकडचे टायफॉइड आणि स्क्रब टायफस हे पेशीच्या आत शिरून बसणारे. आत बसलेल्या जीवाणूला शरीर जे उत्तर देतं ते विषाणूला दिलेल्या उत्तराशी बरंच मिळतंजुळतं. म्हणजे ओट्यावर भांडी विषाणूची, घरात पाहुणा जीवाणू. जुने संच इथे घसरतात. त्याच गटाने २०२२ मध्ये आठ जनुकांचा नवा संच मांडला, या दोन्ही तऱ्हांचे जीवाणू धरून, आणि तो नेपाळ आणि लाओसमधल्या तापाच्या पेशंटांवर तपासला. नेपाळचा ताप आपल्या तापाच्या बराच जवळचा. ठाण्याच्या जुलैत आपण स्वतः तपासल्याशिवाय मी मात्र कुठल्याच संचावर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत ट्रायव्हेरिटी नावाच्या टेस्टला मान्यता मिळाली. २९ आरएनए, अर्धा तास, तीन वेगळे आकडे: जीवाणू असण्याची शक्यता, विषाणू असण्याची शक्यता, आणि पुढच्या सात दिवसांत आयसीयूतल्यासारखी शुश्रूषा लागण्याची शक्यता. मला तिसऱ्या आकड्यात जास्त रस आहे. मलेरिया चाचणीने मलेरिया कळतो, एनएस१ ने डेंग्यू कळतो. यातला कोण परवा अत्यवस्थ होणार हे आज कोण सांगतं?

आता मला जे खरं सांगायचंय ते. सेप्सिस हा एक आजार नाहीच, असं रक्तातल्या आरएनएवरून दिसतंय. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या पेशंटांत दोन गट सापडले, एसआरएस१ आणि एसआरएस२ अशी नावं दिली. पहिल्या गटात प्रतिकारशक्तीच थकलेली, टी पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दमलेल्या, एचएलए-डीआर (प्रतिकारशक्ती किती जागी आहे ते दाखवणारी पेशींवरची खूण) खाली आलेलं, आणि मृत्यू जास्त. खाटेजवळ उभं राहून हे दोघे वेगळे दिसत नाहीत. २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या अभ्यासात असेच चार गट निघाले. पुढे ब्रिटनमधल्या एका जुन्या औषध-चाचणीचे साठवलेले नमुने तपासले तेव्हा दिसलं, एसआरएस२ गटातल्या ज्यांना स्टिरॉइड दिलं त्यांच्यात मृत्यू जास्त. नमुने थोडे होते, नंतरचं विश्लेषण होतं, त्यावर कोणी औषधं बदलू नयेत. पण सेप्सिसवरची इतकी औषधं चाचण्यांत का आपटली, याचा एक धागा इथे आहे. ज्याची भट्टी पेटलीय आणि ज्याची विझलीय, दोघांवर एकच बादली ओतून सरासरी काढली तर उत्तर शून्यच येणार.

अवांतर: रक्तातल्या आरएनएत मोठा वाटा तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनचा असतो. त्या कल्लोळातून कामाचे आवाज वेगळे काढणं ही आमची रोजची डोकेदुखी. ढोल-ताशा पथकात बासरी ऐकायची.

---

रात्रपाळी | १७ जुलै, पहाटे ३.०५

खारघरी_टेकडी यांच्याशी सहमत, विशेषतः "कोणी औषधं बदलू नयेत" याच्याशी. शॉक हटत नसेल तर मी आज स्टिरॉइड देतो, देत राहीन. पण देताना मनात तुमची विझलेली भट्टी येईल.

वाघबीळ ताई, तुमच्या रविवारच्या प्रश्नाचं माझं उत्तर. तिथे जनुकांची टेस्ट नको होती. घड्याळ हवं होतं. श्वास मिनिटाला किती, हे छातीकडे बघून मोजायचं. २२ किंवा वर, बीपी वरचं १०० किंवा खाली, आणि माणूस नेहमीसारखा बोलत नाही, या तीनपैकी दोन म्हणजे सावध. नुसत्या एवढ्यावर विसंबू नका असं आता मार्गदर्शक सूचनाच सांगतात, कारण यातून निसटणारे बरेच असतात. पण मोजलंच नाही तर निसटायचाही प्रश्न येत नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला सेप्सिसमध्ये ताप येईलच असं नाही, अंग थंडही पडतं. "ताप नाही ना" या वाक्यावर मी खूप पेशंट उशिरा आलेले पाहिलेत.

---

वाघबीळची_वाघीण | १७ जुलै, सकाळी ७.३५

रविवारी संध्याकाळी मी बाबांचा सहा सेकंदांचा व्हिडिओ काढला होता, आत्याला पाठवायला. आज सकाळी तो लावून श्वास मोजले. सहा सेकंदांत तीन.

---

आकडेमोड | १७ जुलै, सकाळी ७.५०

ताई, सहा सेकंदांवरून मिनिटाचा हिशेब करू नका. एक श्वास इकडे तिकडे झाला तर २० चे ३० होतात आणि ३० चे ४०. खरंच. तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावू नका.

---

पारसिक_बोगदा | १७ जुलै, सकाळी ८.२०

+१. आणि त्या ड्यूटीवरच्या मुलीला एकदा जाऊन भेटा, जमलं तर.

---

वाघबीळची_वाघीण | १७ जुलै, रात्री ९.१५

गेले होते. तिची ड्यूटी बदललीय, आता शुक्रवारी रात्री आहे. बाबा म्हणतात मीही येतो. ती कशी दिसते ते त्यांना अजिबात आठवत नाही.

---

कोलशेत_कट्टा | २१ जुलै, दुपारी २.४०

छान माहिती. ही टेस्ट उपाशीपोटी करायची असते का?

---

पारसिक_बोगदा | २१ जुलै, दुपारी ३.०२

नाही.